धन्यवाद पूर्ण होईपर्यंत

“वाच,” नेसरीकर बाई म्हणाल्या. “आणि मोठ्यानं. वर्गात पुटपुटतेस तसं नको.”

मी वही उघडली. शेजारी पप्पा खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते, कुणी ‘ऊठ’ म्हणायच्या आत उठता यावं अशा बेतानं. त्यांच्या मांडीवर प्लास्टिकचा फोल्डर होता आणि फोल्डरमध्ये वकिलाची नोटीस.

“मी, केतकी रवळू शिंत्रे, इयत्ता आठवी ब,” मी सुरू केलं, “जाहीरपणे कबूल करते की, ‘मतदीप’ या मतदान यंत्राबद्दल मी टाकलेल्या व्हिडिओतली माहिती चुकीची होती. माझ्या अज्ञानामुळे…”

“थांब. कुठली माहिती चुकीची होती?”

मी पप्पांकडे पाहिलं. पप्पांनी फोल्डरकडे पाहिलं.

“सगळीच की बाई,” पप्पा म्हणाले. “तुम्ही फक्त भाषा तेवढी बघा. उद्या संध्याकाळपर्यंत माफीचा व्हिडिओ टाकायचाय. त्यात एखादा शब्द इकडचा तिकडं झाला तर परत…”

“रवळू, मी हिला विचारतेय. तू तुझ्या वेळी भरपूर उत्तरं दिलीस. बरीचशी चुकीची होती.”

बाईंनी पप्पांनाही आठवीत मराठी शिकवलं होतं. सगळ्या गडहिंग्लजमध्ये माझ्या पप्पांना ‘अरे रवळू’ म्हणणारी माणसं दोनच, एक आजी आणि दुसऱ्या बाई.

ही तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आज माझ्या हातात माईक दिला तर तो परत घ्यायला दोन माणसं लागतात! पण तेव्हा मी हजेरीला ‘हजर’ म्हणतानासुद्धा लाजायची. जे काही बोलायचं ते मोबाईलसमोर, दार लावून. ‘केतकीचा कट्टा’ नावाचं माझं चॅनेल होतं. सबस्क्रायबर एकतीस, त्यातले नऊ मामाकडचे.

झालं असं होतं की, त्या वर्षी आमच्या शाळेत विद्यार्थी प्रतिनिधीची निवडणूक पहिल्यांदाच यंत्रावर झाली. यंत्र म्हणजे पुठ्ठ्याच्या आडोशामागं ठेवलेला एक टॅब. त्यावर उमेदवारांची नावं आणि चित्रं. चित्राला बोट लावलं की आवाज यायचा, “आपले मत नोंदवण्यात आले आहे. मतदान केल्याबद्दल मनःपूर्वक धन्यवाद. पुढील मतदाराने यावे.” आवाज नेसरीकर बाईंचा! कंपनी संग्रामदादांची, आणि संग्रामदादा बाईंचे सगळ्यात लाडके माजी विद्यार्थी. आम्ही निबंधात नापास झालो की बाई त्यांचंच उदाहरण द्यायच्या.

बाईंच्या आवाजाशिवाय आमच्या गावात काही होतच नाही. रक्तदान शिबिर असो, दुकानाचं उद्घाटन असो, गणपतीचं बक्षीस वितरण असो, सूत्रसंचालन बाईच करणार. कार्यक्रम संपला की बाईंना शाल आणि श्रीफळ. विषय संपला. बाईंकडे इतक्या शाली आहेत की शाळेतल्या तबल्यांना, हार्मोनियमला, इतकंच काय पृथ्वीच्या गोलालासुद्धा थंडी वाजत नाही.

तर मतदानाच्या दिवशी रांगेवर होते कोरी सर, गळ्यात शिट्टी. त्यांना दुपारी हॉकीची मॅच होती. “ए, चला चला, पुढचा! देवदर्शनाला आलाय काय रेंगाळायला?” असं म्हणत त्यांनी सहाशे पोरं दीड तासात पुढं काढली. आधीच्याचं ‘धन्यवाद’ संपायच्या आत पुढच्याचं बोट टॅबवर.

निकाल लागला. आदर्श कुराडे प्रचंड मतांनी विजयी! आदर्शनं प्रचार केलाच नव्हता, त्याचा अर्ज त्याच्या काकानं भरला होता. तो स्वतःच डोकं खाजवत म्हणाला, “आयला, मला तर माझ्या बाकावरच्या पोरानंबी मत दिलं नाही. आईशप्पत सांगितलंय त्यानं.” आणि माझी मैत्रीण आफरीन मुजावर, जी वर्गावर्गात जाऊन बोलली होती, जिनं मुलींच्या बाथरूमला कड्या बसवून घेईन असं सांगितलं होतं, तिला चाळीस मतं. ती त्या कडी नसलेल्या बाथरूममध्ये जाऊन रडली. दार मी बाहेरून धरून उभी होते.

दुसऱ्या दिवशी टॅब कॉम्प्युटर लॅबमध्ये पडून होता. सराव मतदानाचं बटण चालू. आम्ही दोघींनी खेळून पाहिलं. बाईंचा आवाज पूर्ण होईपर्यंत थांबलं, की मत बरोबर जायचं. मधेच दाबलं, की चित्र कुठलंही दाबा, मत सगळ्यात वरच्या नावाला! सगळ्यात वर होता आदर्शचा भोवरा. आफरीनची पेन्सिल त्याच्याखाली. वीस वेळा करून पाहिलं, वीस वेळा तेच. मी व्हिडिओ काढला, एक मिनिट पन्नास सेकंदांचा. तीन दिवसांत चार हजार लोकांनी पाहिला.

चौथ्या दिवशी व्हिडिओच्या जागी काळा चौकोन होता. खाली लिहिलं होतं, कॉपीराइटच्या दाव्यामुळे हा व्हिडिओ काढण्यात आला आहे. आणि सहाव्या दिवशी पप्पांच्या फ्लेक्सच्या दुकानात नोटीस आली. पप्पा रोज दुसऱ्यांचे वाढदिवस वीस फूट मोठे छापतात, पण त्या दोन कागदांनी त्यांचा चेहरा एवढासा केला.

मला मात्र नोटिशीतली एकच ओळ टोचत होती, ‘आमच्या मालकीचा ध्वनी विनापरवाना वापरला’. ध्वनी म्हणजे बाई! म्हणजे तक्रार बाईंनीच केली असणार, असं मी मनात पक्कं करून टाकलं होतं. आणि पप्पा मला माफीनामा तपासायला त्याच बाईंकडे घेऊन आले होते. त्या दिवशी सकाळी आफरीन शाळेच्या नळावर मला म्हणाली होती, “तू माफी माग, काय नाय. तुझ्या पप्पांना त्रास नको. फक्त मग सगळे म्हणतील, मुजावरची हरली म्हणून कांगावा केला.” एवढं बोलून तिनं बाटलीचं झाकण नीट लागलंय का ते तीनदा पाहिलं.

“केतकी,” बाई म्हणाल्या, “मी अजून उत्तराची वाट बघतेय.”

“कुठलीच नाही,” मी म्हणाले.

“ऐकू आलं नाही.”

“कुठलीच माहिती चुकीची नाही बाई!”

माझाच आवाज मला नवीन वाटला. पप्पांनी कपाळाला हात लावला.

बाईंनी हात पुढं केला. “नोटीस दे.”

त्यांनी चष्मा चढवला, सवयीनं लाल पेन उघडलं आणि वकिलाची नोटीस आमच्या सहामाहीच्या पेपरसारखी वाचायला घेतली. शब्दांखाली रेघा मारत. पप्पा म्हणाले, “बाई, बाई, ओरिजिनल आहे ती!” बाईंनी ऐकलं नाही.

“रवळू, दोन पानं आहेत. चोरलं, उचललं, विनापरवाना वापरलं, असे शब्द अकरा वेळा आलेत. मोजले मी. ‘खोटं’ हा शब्द किती वेळा असेल?”

“किती?”

“एकदाही नाही. यंत्र बरोबर चालतं, असं एकही वाक्य नाही. आणि शेवटी काय म्हणतात, माहिती चुकीची होती असं हिनं जाहीर सांगावं. अरे, चोरीची माफी मागताना माहितीचं काय? मी तुझी छत्री चोरली, तर ‘पाऊस पडत नव्हता’ असं मी का लिहून द्यायचं?”

पप्पांना पटलं होतं. पण पटणं वेगळं आणि दुकान वेगळं. ते म्हणाले, “बाई, मी साधा माणूस. कोर्टाच्या तारखा करायच्या की दुकान बघायचं?”

बाई पुढं वाचत होत्या. एका जागी पेन थांबलं.

“‘आमच्या मालकीचा ध्वनी’,” त्या हळू म्हणाल्या. “कसला ध्वनी?”

मी खाली बघत राहिले. फरशीत एक तडा होता, तो कोयना नदीच्या नकाशासारखा दिसत होता.

“व्हिडिओ दाखव मला.”

आणि तेव्हा मला कळलं, बाईंनी व्हिडिओ पाहिलेलाच नव्हता! त्यांचा फोन बटणांचा. म्हणजे तक्रारीचं त्यांना काहीच माहीत नव्हतं. नोटीस आल्यापासून मी मनातल्या मनात ज्यांना शिव्या घातल्या होत्या, त्यांच्याच घरचा चहा मी पीत होते. बिस्किटासकट.

पप्पांच्या फोनमध्ये मूळ व्हिडिओ होता. बाईंनी तो हातभर लांब धरून पाहिला. त्यांचाच आवाज त्यांच्याच बैठकीत वाजला, “मतदान केल्याबद्दल मनःपूर्वक धन्यवाद.” मग माझा चिरका आवाज, “बघा, पेन्सिल दाबली, मत भोवऱ्याला!” पुन्हा त्यांचा, पुन्हा माझा. व्हिडिओ संपला तरी बाई फोनकडे बघत होत्या.

मग त्या उठल्या आणि कपाटावरून एक गाठोडं काढलं. मरून रंगाची, जरीच्या काठाची शाल. शाल उलगडली तर आत तोच टॅब!

“कंपनीचा माणूस न्यायला येईपर्यंत माझ्याकडे ठेवलाय शाळेनं. निवडणूक प्रमुख मी होते ना.” त्यांनी तो टीपॉयवर ठेवला. “रवळू, मतदान कर.”

“मी?”

“पेन्सिल दाब. ते बोलायला लागलं की परत पेन्सिल दाब.”

पप्पांनी पँटला बोट पुसलं आणि दाबलं. “आपले मत नोंदवण्यात…” पप्पांनी पुन्हा दाबलं. बाईंनी निकाल उघडला. एक मत पेन्सिल, एक भोवरा. पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा पप्पांनी पाच वेळा दाबलं, भोवऱ्याला चार मतं वाढली. तोपर्यंत पप्पा खुर्चीवरून उतरून जमिनीवर मांडी घालून बसले होते.

“बाई, तुम्ही तिकडं आभार मानताय आणि इकडं मत पळतंय!”

“आपले मत नोंदवण्यात आले आहे,” टॅब म्हणाला.

“गप्प बस गं!” बाई टॅबवर ओरडल्या.

“मनःपूर्वक धन्यवाद,” टॅब म्हणाला.

मला हसू फुटलं. दाबता दाबेना. बाईंनी माझ्याकडे वर्गातल्यासारखं रोखून पाहिलं, आणि मग त्यांचेही गाल हलले. पण ते एवढंच. पुढच्या क्षणी त्या बटणांचा फोन घेऊन नंबर लावत होत्या. स्पीकर चालू केला, कारण त्यांना कमी ऐकू यायचं.

“बाई! नमस्कार!” संग्रामदादांचा आवाज खुशीत होता. “बोला, काय सेवा करू?”

“संग्राम, तुझं यंत्र मी बोलत असताना दाबलं, तर मत वरच्या नावाला जातं.”

“बाई, ते त्या पोरीच्या व्हिडिओचं का? तुम्ही कशाला मनाला लावून घेता. पुढच्या अपडेटला जाणारच आहे ते.”

“म्हणजे तुला ठाऊक होतं.”

“बाई, नवीन गोष्टीत असं बारीकसारीक असतं हो. पण असं चव्हाट्यावर मांडलं की धंदा बसतो. म्हणून वकील म्हणाले, कॉपीराइटचं टाका, लगेच निघतं. कुणाला त्रास द्यायचा हेतू नव्हता.”

“रविवारी महिला पतसंस्थेची निवडणूक तुझ्याच यंत्रावर आहे. सातशे बायका मत देणार आहेत. त्यांना सांगितलंस हे बारीकसारीक?”

“त्यांना सांगू की, थांबून दाबा म्हणून.”

“सांगितलंस का, विचारतेय.”

बाईंनी नोटिशीतल्या ‘ध्वनी’भोवती लाल गोल काढला.

“बरं, आवाज कुणाच्या मालकीचा आहे संग्राम?”

“कंपनीच्या. म्हणजे तुमचाच हो, पण कायद्यानं कंपनीच्या.”

“कधी झाला?”

“अहो बाई, असं काय करता! सत्कार केला होता ना आपण तुमचा. शाल, श्रीफळ, फोटोसुद्धा आला होता पेपरात.”

बाईंनी टीपॉयवरच्या मरून शालीकडं पाहिलं. “सत्कार केलास. विकत नाही घेतलास. मी कुठल्या कागदावर सही केली?”

पलीकडं गाडीचे हॉर्न वाजले. मग संग्रामदादा म्हणाले, “बाई, तुम्ही माझ्याविरुद्ध जाणार? तुम्ही?” आवाज एकदम लहान मुलासारखा.

“तू नोटीस मागं घे, पतसंस्थेला खरं सांग. मी तुझ्याच बाजूला येऊन उभी राहते.”

“ते नाही जमायचं बाई.”

“मग ठेवते.”

फोन ठेवल्यावर बाई शालीची घडी घालत बसल्या. एकदा घातली, मोडली, परत घातली.

“दहावीला त्याला माझ्या विषयात ब्याण्णव होते,” बाई कुणाकडेही न बघता म्हणाल्या. मग ताठ बसल्या. “केतकी, वही आण.”

त्यांनी माझ्या माफीनाम्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक लाल रेघ मारली आणि खाली लिहिलं, ‘विषय सोडून लिहिले आहे.’

त्यांची एक विद्यार्थिनी कोल्हापूरला वकील आहे. तिला फोन लावला. ती म्हणाली, एखाद्या गोष्टीवर टीका करताना तिचा थोडासा भाग दाखवायला कायद्यातच मुभा आहे, घाबरू नका, उत्तर पाठवा. व्हिडिओच्या साइटवर उत्तराचा एक फॉर्म होता. मी लहान, म्हणून सही पालकांची. आणि त्यात ठळक लिहिलं होतं, तुमचं नाव, पत्ता, फोन नंबर तक्रारदाराला कळवला जाईल.

पप्पांचं बोट तिथंच थांबलं. “बाई, हे बघा. सगळं त्यांच्या हातात जाणार. दुकानाचा पत्ता, घराचा पत्ता. उद्या खरंच कोर्टात खेचलं तर?”

“खेचतील कदाचित,” बाई म्हणाल्या. “खोटं सांगत नाही तुला. म्हणून आधी माझं पत्र जोड. घे लिहून, केतकी.”

आणि त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. सूत्रसंचालनाच्या आवाजात नव्हे, भाजी आणायला सांगावी तसं. ‘सदर यंत्रातील आवाज माझा आहे. तो मी कुणाला लिहून दिलेला नाही. कुमारी केतकी शिंत्रे हिने तो वापरावा यास माझी पूर्ण परवानगी आहे. तिने दाखवलेला दोष मी स्वतः तपासला असून तो खरा आहे.’ खाली पूर्ण नाव, विजया दत्तात्रय नेसरीकर. घर नंबर, गल्ली, फोन. मग सही.

“आता खेचायचं तर आधी मला खेचावं लागेल,” त्या म्हणाल्या. “माझे गुडघे दुखतात, जिना चढवणार नाही म्हणावं.”

पप्पा हसले. जमिनीवरून उठून परत खुर्चीवर बसले, पण या वेळी पाठ टेकून, ऐसपैस. “आण केतू,” म्हणाले, “सही कुठं करायची?”

सोमवारी प्रार्थनेनंतर बाई माईकपाशी आल्या. सहाशे पोरांना वाटलं, सूचना असेल सहलीची. बाई म्हणाल्या, “विद्यार्थी प्रतिनिधीची निवडणूक मी घेतली होती. ती चुकली. यंत्र आणा असं मुख्याध्यापकांना मीच सांगितलं होतं, तेही चुकलं. आठवी ब मधल्या दोन मुलींनी ती चूक शोधली आणि केतकी शिंत्रेनं ती जगाला दाखवली. परवा पुन्हा मतदान होईल. चिठ्ठीवर. कोरी सर शिट्टी वाजवणार नाहीत.”

चौतीस वर्षं शिकवणारी बाई अख्ख्या शाळेसमोर ‘मी चुकले’ म्हणाली. मागून कुणीतरी टाळी वाजवली. तो आदर्श होता.

पतसंस्थेतल्या बायकांनीही त्या रविवारी कागदावरच शिक्के मारले होते. बाई शनिवारी स्वतः जाऊन सांगून आल्या होत्या. माझा व्हिडिओ तीन आठवड्यांनी परत दिसायला लागला, कोर्टाचं पुढं काहीच आलं नाही. मतदीपचा टॅब आता आवाज संपेपर्यंत काळाच राहतो म्हणे.

आणि आमची निवडणूक? तिसरीच निवडून आली, नववी अ ची! आफरीन सात मतांनी हरली. मला वाटलं परत बाथरूमचं दार धरायला लागतंय. पण ती चिठ्ठ्यांचा आकडा बघून नाचायला लागली. “दोनशे अकरा! केतू, दोनशे अकरा जणांनी मला खरंच मत दिलं होतं!” बाथरूमला कड्याही बसल्या. नववीवालीनं तिचा मुद्दा ढापला होता.

या मार्चमध्ये बाई निवृत्त झाल्या. निरोप समारंभाचं सूत्रसंचालन कोण करणार, असा प्रश्न पडला, कारण आजवर सगळे निरोपसुद्धा बाईंनीच दिले होते. मी हात वर केला. मी! हॉल गच्च भरला होता. जुने विद्यार्थी पुण्या-बेळगावहून आले होते. संग्रामदादा आले नाहीत. बाईंनी दोनदा दाराकडं पाहिलेलं मी स्टेजवरून पाहिलं.

शाल झाली, श्रीफळ झालं. मुख्याध्यापकांनी मलाही एक नारळ दिला, सूत्रसंचालनाबद्दल. बाई माझ्याकडं वाकून कुजबुजल्या, “कुठल्या कागदावर सही केलीस का?”

“नाही बाई.”

“मग घे नारळ.”

कार्यक्रमपत्रिकेवर शेवटचं उरलं होतं, आभार. मी यादी काढली, मंडपवाले, चहावाले, ध्वनिवर्धकवाले. मग ती घडी करून ठेवून दिली. तीन वर्षं मी बाईंना ‘धन्यवाद’ म्हटलं नव्हतं. नोटिशीच्या त्या संध्याकाळी त्यांच्या दारातून निघताना नुसती ‘येते बाई’ म्हणाले होते. नंतर रोज वाटायचं आज म्हणू, आणि रोज घंटा व्हायची.

“नेसरीकर बाई,” मी माईकमध्ये म्हणाले, आणि पुढं गाडी अडली. समोर सगळे थांबले. कोरी सर घड्याळाकडं बघत होते, मुख्याध्यापक अर्धवट उठलेही होते. बाईंनी बसल्या जागेवरून हात वर केला. मुख्याध्यापक खाली बसले.

मी हळूहळू, एकेक शब्द करत, सगळं बोलले. संपेपर्यंत कुणीही जागचं हललं नाही.